पन्नास पाट्या आणि एक खोली: 'हार्ट ऑफ अटलांटा' मोटेलचं प्रकरण

२ जुलै १९६४. संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलं, उपाहारगृहं यांसारख्या जागी वर्ण पाहून माणसाला नाकारायला या कायद्याने बंदी घातली. सहीची शाई वाळायच्या आत, म्हणजे दोन-अडीच तासांत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात त्या कायद्याला आव्हान देणारा दावा दाखलही झाला. दावा लावणारं राज्य सरकार नव्हतं, की एखादा राजकीय पक्षही नव्हता. ते होतं २१६ खोल्यांचं एक मोटेल, नाव 'हार्ट ऑफ अटलांटा'. मालक मोर्टन रोलस्टन स्वतः वकील होते. मोटेल त्यांचं, वकीलपत्र त्यांचं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करणारेही तेच. कागद आधीपासून तयार असल्याशिवाय एवढी चपळाई जमत नाही.

म्हणणं सरळ होतं. आम्ही कृष्णवर्णीयांना आमच्या मोटेलात उतरू देत नाही, यापुढेही देणार नाही आणि खोली कुणाला द्यायची हे आम्हाला सांगण्याचा अधिकार सरकारला नाही.

अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण कधी ना कधी भेटतंच. व्यापाराचं नियमन करण्याची केंद्राची सत्ता कुठवर पोचते, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते शिकवलं जातं. मला ते नेहमी नगररचनेची फाईल म्हणून वाचावंसं वाटतं. कारण हा खटला रोलस्टन तत्त्वावर हरले असं म्हणतात, पण त्याआधी ते पत्त्यावर हरले होते.

पत्ता

न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या निकालपत्रात सुरुवातीलाच तथ्यांचा परिच्छेद येतो. तो वाचताना निकाल वाचतोय की मोटेलचं माहितीपत्रक, असा प्रश्न पडतो. मोटेल कोर्टलँड स्ट्रीटवर, शहराच्या मुख्य पीचट्री स्ट्रीटपासून दोन चौकांवर. आंतरराज्य महामार्ग ७५ आणि ८५ जवळ, राज्य महामार्ग २३ आणि ४१ सुद्धा हाताशी. देशभर खपणाऱ्या मासिकांत जाहिराती. जॉर्जिया राज्यात रस्त्यांच्या कडेला पन्नासहून जास्त जाहिरातफलक आणि पाट्या. बाहेरगावच्या परिषदा-अधिवेशनांची गिऱ्हाइकं. आणि उतरणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक राज्याबाहेरचे.

यातलं काहीही सरकारी हेरांनी खणून काढलेलं नव्हतं. ही तथ्यं दोन्ही बाजूंना मान्य होती. रोलस्टन यांना तपशिलावर नव्हे, थेट घटनात्मक मुद्द्यावर लढायचं होतं, त्यामुळे त्यांनी त्यावर वाद घातलाच नाही. पण एवढं मान्य केल्यावर 'आमचा धंदा स्थानिक आहे, केंद्राचा इथे संबंध काय' हे म्हणायला जागा उरते किती? वाटसरूला ओढण्यासाठी उभ्या केलेल्या प्रत्येक पाटीने कोर्टात मालकाविरुद्ध साक्ष दिली.

हा पत्ता मोटेलला मिळाला कसा, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी एक भाषेतली अडचण. मराठीत 'हॉटेल' म्हटलं की आधी खाणं आठवतं, मुक्काम नंतर. इथे हॉटेल म्हणजे मुक्कामाचीच जागा, आणि मोटेल म्हणजे गाडीसकट मुक्कामाची. हा शब्द 'मोटर' आणि 'हॉटेल' यांच्या जोडातून आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो गावी १९२५ साली आर्थर हाइनमन या वास्तुरचनाकाराने 'माइलस्टोन मो-टेल' सुरू केलं. 'मोटर हॉटेल' हे पूर्ण नाव छपरावरच्या पाटीत मावेना, म्हणून शब्द छाटला, असं सांगतात. खरं असो-नसो, गोष्ट शोभून दिसते. रस्त्यावरून वेगात जाणाऱ्याला वाचता यावं म्हणून आखूड केलेलं नाव, यात मोटेलची सगळी कुंडली आली.

हॉटेल ही रेल्वेची सोबतीण होती. स्टेशनजवळ किंवा शहराच्या मध्यावर, उंच, भव्य दरवाज्याची. आत शिरलं की मोठी लॉबी. अमेरिकन शहरात ही लॉबी म्हणजे जवळजवळ चावडीच. तिथे पाहुणे बसत, गावातले लोकही येऊन बसत, सौदे होत, निवडणुका शिजत. मोटेलने ही चावडीच काढून टाकली. गाडी थेट खोलीच्या दाराशी लावायची, किल्ली घ्यायची, झोपायचं, पहाटे निघून जायचं. ना हमाल, ना बक्षिशी, ना कुणाची नजर. नजर नसण्याचा हा गुण सगळ्यांना रुचला असं नाही. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी १९४० साली एका मासिकात लेख लिहून अशा रस्त्याकाठच्या मुक्कामांना गुन्हेगारांचे अड्डे ठरवून टाकलं होतं. बारा वर्षांनी, १९५२ साली, मेम्फिसमध्ये केमन्स विल्सन यांनी पहिलं 'हॉलिडे इन' काढलं आणि मोटेल बायकामुलांना घेऊन उतरायची जागा झालं.

सुरुवातीची मोटेलं गावाबाहेर, स्वस्त जमिनीवर असत. पन्नाशीच्या दशकात ती शहराच्या पोटात शिरायला लागली. 'हार्ट ऑफ अटलांटा' त्यातलंच. १९५६ साली ते सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली: ४१,००० मैलांचं आंतरराज्य जाळं, खर्चाचे ९० टक्के केंद्राचे. म्हणजे गावाबाहेरचा मोटारवाला आता सुसाट वेगाने थेट शहराच्या मध्यावर येऊन उतरणार होता. मध्यवस्तीत, पण गाडी लावायला जागा असलेलं, पोहण्याचा तलाव असलेलं मोटेल, हा धंद्याचा हिशेब अचूक होता. आणि त्यातले ९० टक्के पैसे ज्याने घातले, त्या केंद्र सरकारला आपल्या अंगणात येऊ द्यायचं नाही, हा त्या हिशेबाचा उरलेला अर्धा भाग.

दुपारचे चार वाजले आहेत आणि पाटी लागली आहे

कायद्यावर चर्चा चालू असताना, १९६३ साली, सिनेटच्या समितीपुढे रॉय विल्किन्स यांची साक्ष झाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे ते प्रमुख. एका सिनेटरने विचारलं, प्रवासात तुम्ही लोक मुक्काम कसा करता? विल्किन्स यांचं उत्तर थोडक्यात असं: गाडी चालवत राहायचं, चालवत राहायचं. दुपारी चारला मोटेलवर 'खोली रिकामी आहे' अशी पाटी दिसली म्हणून आपण थांबत नाही. पुढच्या गावात कुणी ओळखीचं आहे का, किंवा ओळखीच्याच्या ओळखीचं कुणी आहे का, जो सोय करील, तिथवर जात राहायचं.

या एका उत्तरात रस्त्याचं सगळं नियोजन उलटं होतं. महामार्ग आखणाऱ्याने अंतर मैलात मोजलं, मोटेलवाल्याने दिवसभराच्या दौडीत. कृष्णवर्णीय चालकाला ते ओळखीच्या माणसांत मोजावं लागत होतं. 'व्हेकन्सी' हा दिवा सगळ्यांना सारखाच दिसे, पण तो सगळ्यांशी बोलत नसे.

यावर तोडगा म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन, १९३६ पासून एक पुस्तिका काढत होते, 'ग्रीन बुक'. कुठल्या गावात कृष्णवर्णीयांना खोली मिळेल, जेवण मिळेल, पेट्रोल मिळेल, याची ती यादी. अनेक गावांच्या नावाखाली हॉटेल नसेच, कुणाचं तरी राहतं घर असे. क्लार्क यांच्या निकालपत्रात अशा खास मार्गदर्शक पुस्तिकेचा उल्लेख येतो आणि ती छापावी लागते हाच अडचणीचा पुरावा मानला गेला. प्रवासी पुस्तिका कोर्टात पुरावा म्हणून उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ऑगस्ट १९६३ मधल्या वॉशिंग्टनच्या भाषणातला 'स्वप्ना'चा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच भाषणात थोडं आधी, प्रवासाने शिणलेल्या देहांना महामार्गावरच्या मोटेलांत आणि शहरांतल्या हॉटेलांत जागा मिळत नाही तोवर आमचं समाधान होणार नाही, असं ते म्हणतात. मोटेल आणि हॉटेल, दोन्ही वेगवेगळी नावं घेऊन. ज्याला आयुष्यभर रात्री गाडी हाकावी लागली आहे, तोच हा फरक करतो.

मला या सगळ्यात एक गोष्ट चमत्कारिक वाटते. मोटेल ही अशी इमारत होती जिथे एका पाहुण्याला दुसऱ्याचं तोंडही पाहावं लागत नसे. सामाईक लॉबी नाही, सामाईक जिना नाही, दार थेट गाडीकडे उघडतं. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय, हे सकाळी निघताना कळलं तर कळलं. तरीही नकार. म्हणजे 'आमच्या पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं' ही सबब या इमारतीत तरी टिकत नव्हती. सामाईक अशी एकच जागा होती, ती म्हणजे तलाव.

आणि तलावावर काय झालं ते फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी जगाने पाहिलं. तिथल्या मॉन्सन मोटर लॉजच्या उपाहारगृहाच्या पायऱ्यांवर ११ जून १९६४ ला किंग यांना अटक झाली होती. आठवड्याने, १८ जूनला, काही गोरे आणि कृष्णवर्णीय आंदोलक मिळून त्या मोटेलच्या तलावात उतरले. खोली गोऱ्यांनी घेतलेली, बाकीचे त्यांचे पाहुणे. मालक बाहेर आला आणि त्याने फरशा साफ करायचं म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड पाण्यात ओतायला सुरुवात केली. छायाचित्रात तो तलावाच्या काठावर वाकलेला दिसतो, हातात अ‍ॅसिडचं भांडं. पाण्यात ओरडणारे चेहरे. एवढ्या पाण्यात ते अ‍ॅसिड विरून गेलं असणार, पण पाण्यात असलेल्याला त्या क्षणी ते कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, सिनेटने नागरी हक्क विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं.

तीन युक्तिवाद आणि एक जुना नियम

रोलस्टन यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला, आंतरराज्य व्यापाराच्या नावाखाली केंद्राने आपली मर्यादा ओलांडली आहे. दुसरा, गिऱ्हाईक निवडण्याचं स्वातंत्र्य आणि मालमत्तेचा हक्क कायदेशीर प्रक्रियेशिवाय आणि भरपाईशिवाय हिरावला जातोय; हा पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार. तिसरा मुद्दा वाचताना मी दोनदा थांबलो. नको असलेल्या माणसाला खोली द्यायला लावणं म्हणजे सक्तीची चाकरी, आणि ती तेराव्या घटनादुरुस्तीने निषिद्ध आहे. तेरावी घटनादुरुस्ती म्हणजे ज्या दुरुस्तीने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली, ती. गुलामांच्या नातवंडा-पतवंडांना खोली द्यावी लागते म्हणून मोटेलमालक स्वतःला गुलाम म्हणवून घेत होता.

न्यायालयाने या तिसऱ्या मुद्द्याची फार वेळ दखल घेतली नाही. पण उत्तर देताना एका जुन्या नियमाची आठवण करून दिली, आणि मुक्कामांच्या इतिहासात रस असलेल्याने ती जागा सोडू नये. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात सराईवाल्यावर एक बंधन होतं: जागा असेल आणि वाटसरू पैसे द्यायला तयार असेल, तर त्याला आत घ्यावंच लागेल. १७०१ सालच्या एका खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी हे स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. कारण उघड आहे. रात्री रस्त्यावर राहणं म्हणजे जिवाशी गाठ; सराईवाला 'नाही' म्हणाला तर वाटसरूने जायचं कुठे? दुकानदाराला गिऱ्हाईक नाकारता येई, सराईवाल्याला नाही. मुक्काम देणं हा धंदा असला तरी इतर धंद्यांसारखा तो कधीच नव्हता.

हा नियम समुद्र ओलांडून अमेरिकेतही आला होता. यादवी युद्धानंतर गुलाम मुक्त झाले, नियम आता त्यांनाही लागू होणार हे दिसू लागलं. तेव्हा टेनेसी राज्याने १८७५ साली कायदा करून हा शतकानुशतकांचा नियमच रद्द करून टाकला. त्याच वर्षी केंद्राने सराया, वाहनं आणि नाट्यगृहं सर्वांना खुली करणारा कायदा केला, पण १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवला. 'खासगी माणसाच्या वागण्यात केंद्राला हात घालता येत नाही' हा त्याचा सारांश. रोलस्टन यांचा खरा भरवसा या १८८३ च्या निकालावर होता. तो तोवर रद्द झालेला नव्हता.

म्हणूनच १९६४ च्या कायद्याने समानतेपेक्षा व्यापाराच्या कलमाचा आधार पुढे केला. खालच्या न्यायालयात तीन न्यायाधीशांच्या पीठाने २२ जुलैला मोटेलविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि तो ११ ऑगस्टपासून लागू होणार होता. रोलस्टन स्थगितीसाठी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्याकडे गेले. ब्लॅक अलाबामाचे, म्हणजे दक्षिणेतलेच. त्यांनी स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली ५ ऑक्टोबरला, सत्राच्या पहिल्याच दिवशी, आणि १४ डिसेंबर १९६४ ला निकाल आला. नऊही न्यायमूर्ती एकमताने मोटेलच्या विरोधात. भेदभावामुळे लोक प्रवास टाळतात, प्रवास टळला की आंतरराज्य व्यापाराला खीळ बसते, म्हणून केंद्राला नियम करता येतो. ३२ राज्यांत असे कायदे आधीपासून आहेतच, हेही निकालात नोंदवलं गेलं.

त्याच दिवशी एका जोडखटल्याचा निकाल लागला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं 'ऑलीज बार्बेक्यू' हे कुटुंबाचं उपाहारगृह आंतरराज्य महामार्गापासून अकरा चौक दूर होतं आणि गिऱ्हाइकं स्थानिकच. म्हणजे पत्ता त्यांच्या बाजूने होता. पण वर्षाला सुमारे १,५०,००० डॉलरचा जो माल ते घेत, त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मांस अशा व्यापाऱ्याकडचं होतं जो ते परराज्यातून आणत असे. तेवढं पुरलं. माणूस रस्त्यावरून आला नाही, तरी मांस आलं होतं.

मला हा निकाल बरोबर वाटतो आणि त्याचा रस्ता मात्र खटकतो. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनाही तो खटकला होता. निकालाशी सहमत होऊनही त्यांनी वेगळं लिहिलं: माणसाच्या मोकळेपणाने फिरण्याच्या हक्काची जागा गुरं, फळं, पोलाद आणि कोळशाच्या वाहतुकीहून वरची आहे, तेव्हा आधार समान हक्कांचा असायला हवा. पण निकाल देणाऱ्यांपुढे १८८३ ची भिंत होती, आणि मोटेलने स्वतःच्या हाताने तिला वळसा घालायची वाट दाखवली होती. पन्नास पाट्या लावून.

कायद्यात एक पळवाटही होती, तिचा उल्लेख करायला हवा. मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याने द्यायच्या खोल्या पाचहून जास्त नसलेल्या घराला हा नियम लागू नव्हता. खोल्यांची संख्या ही नगररचनेत नेहमीची मोजपट्टी. इथे ती नैतिकतेची सीमारेषा होऊन बसली.

७५/८५

आता निकालपत्रातल्या त्या दोन आकड्यांकडे परत येऊ. आंतरराज्य महामार्ग ७५ आणि ८५. अटलांटाच्या मध्यावर हे दोन्ही एकत्र येऊन एकाच रुंद पट्ट्याने शहरातून जातात. त्याला 'डाउनटाउन कनेक्टर' म्हणतात. त्याची मूळ कल्पना १९४६ सालच्या लॉकनर आराखड्यातली, बांधकाम पुढच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने झालं. न्यायालयासाठी हा रस्ता म्हणजे मोटेलपर्यंत पोचायची सोय, त्याहून जास्त काही नाही.

पण मोटेलपासून दक्षिणेकडे पाच-सहा चौक, म्हणजे एक किलोमीटरच्या आत, ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू लागतो. कृष्णवर्णीयांना पीचट्रीवर दारं बंद होती तेव्हा त्यांनी इथे आपलं शहर उभं केलं. अलोन्झो हर्न्डन यांची अटलांटा लाइफ ही विमा कंपनी इथली. एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च इथलं, आणि ५०१ क्रमांकाच्या घरात १५ जानेवारी १९२९ ला मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. जॉन वेस्ली डॉब्स या स्थानिक पुढाऱ्याने या रस्त्याला 'स्वीट ऑबर्न' हे नाव दिलं. १९५६ साली 'फॉर्च्युन' मासिकाने त्याला जगातला सर्वात श्रीमंत कृष्णवर्णीय रस्ता म्हटलं. पुन्हा १९५६. मोटेल उघडलं तेही वर्ष, महामार्ग कायदा झाला तेही वर्ष.

कनेक्टर या रस्त्याच्या मधून गेला. खांबांवर उचललेला, डोक्यावरून जाणारा. वाटेतली घरं-दुकानं पडली, ऑबर्नचे दोन तुकडे झाले: पश्चिमेला कचेऱ्या आणि दुकानं, पूर्वेला चर्च आणि किंग यांचं घर. आजही तिथे पुलाखालून चालताना वर गाड्यांची अखंड घरघर असते आणि महामार्गाच्या पाट्यांवर तेच आकडे, ७५ आणि ८५. ज्या रस्त्याच्या जोरावर कोर्टाने मोटेलचं दार उघडलं, त्याच रस्त्याने ऑबर्नची कंबर मोडली. निकालपत्रात हे येणं शक्य नव्हतं, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. शहर मात्र एकच होतं.

रस्त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही झाली, आणि ती बोलून दाखवताना अवघडायला होतं. दारं उघडल्यावर कृष्णवर्णीय गिऱ्हाईक इतरत्र जाऊ लागलं. जावंच, त्यासाठीच तर लढा होता. पण भेदभावाच्या काळात ज्यांनी मुक्काम दिला, त्या मालकांचा धंदा बसला. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. गॅस्टन यांनी १९५४ साली बांधलेलं मोटेल घ्या. वातानुकूलित खोल्या, उत्तम व्यवस्था. १९६३ च्या आंदोलनात किंग आणि सहकाऱ्यांचा तळ इथल्याच तीस नंबरच्या खोलीत. त्या मे महिन्यात त्याच मोटेलवर बॉम्ब टाकला गेला. बॉम्बने ते बंद पडलं नाही. ते ओसरलं पुढच्या वर्षांत, बाकीची दारं उघडल्यावर, आणि १९८२ मध्ये तिथे वृद्धांची घरं झाली. २०१७ पासून ती वास्तू राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. 'ग्रीन बुक'ची शेवटची आवृत्ती निघाली १९६६-६७ ची. ग्रीन स्वतः त्याआधीच, १९६० मध्ये, वारले होते.

अपवादही आहेत. अटलांटातच जेम्स आणि रॉबर्ट पाश्चल या भावांनी १९६७ साली, कायदा आल्यावर तीन वर्षांनी, आपल्या उपाहारगृहाला जोडून मोटर हॉटेल काढलं आणि ते चालवून दाखवलं.

त्या जागेवर आता

मोटेलच्या गोष्टीत पुढे एक अनपेक्षित वळण आहे, आणि त्याचाही पत्ता अटलांटाच. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराची दारं उघडल्यावर अमेरिकेतली जुनी, पडकी मोटेलं मोठ्या प्रमाणावर गुजराती कुटुंबांनी घेतली, बरीचशी पटेलांनी. घरातल्यांनी मिळून चालवायची, मालकाने तिथेच राहायचं. विमा कंपन्या आणि बँका त्यांना दारात उभं करीनात आणि शेजारचे मोटेलवाले 'अमेरिकन मालकीचं' अशी पाटी लावून गिऱ्हाईक फिरवू लागले. पाटी पुन्हा कामाला आली होती; आता ती मालकाचा रंग सांगत होती. या मोटेलवाल्यांची संघटना, आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची, १९८९ साली अटलांटात स्थापन झाली.

'हार्ट ऑफ अटलांटा' तोवर उरलं नव्हतं. मोटेल पाडून त्याच चौकोनात १९७६ साली हिल्टनचं उंच हॉटेल उभं राहिलं. सेंट ऑगस्टीनचं मॉन्सन लॉज २००३ साली पाडलं, तिथेही हिल्टनच आलं. ज्या पायऱ्यांवर किंग यांना अटक झाली त्या पायऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या आहेत, तलाव नाही.

कोर्टलँड स्ट्रीटवरच्या त्या हॉटेलपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर कनेक्टर जमिनीच्या पातळीखालून, खोल खाचेतून जातो. त्या खाचेवर छत घालून, सुमारे पाऊण मैल लांब आणि चौदा एकरांचं उद्यान करायची 'द स्टिच' नावाची योजना अटलांटाने आखली आहे. स्टिच म्हणजे टाका. महामार्गाने फाडलेलं शहर पुन्हा शिवायचं. नकाशावर ही पट्टी पीडमाँट अ‍ॅव्हेन्यूपाशी थांबते. ऑबर्न तिच्या दक्षिणेला. तिथे रस्ता खाली नाही, वर आहे, आणि त्याच्यावर छत घालता येत नाही.